पेशीच्या दारातले तोतये

प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींना शिशाने काहीच केलं नाही. चोवीस तास उलटले होते, सगळ्यात जास्त मात्रेच्या घरातल्या पेशीही कंट्रोलइतक्याच, म्हणजे शिसं न दिलेल्या पेशींइतक्याच, टवटवीत दिसत होत्या, आणि मी वहीत लिहून मोकळी झाले : ‘शिसं – परिणाम नाही.’ माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते वाचलं आणि काही न बोलता प्लेट घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. फोकस पेशींवरून जरासा सरकवला आणि म्हणाल्या, “ये, बघ. तुझं शिसं इथे पडलंय.”

तळाशी पिठासारखी बारीक भुकटी बसली होती. मला ती आधीही दिसली होती, पण मेलेल्या पेशींचा कचरा समजून मी सोडून दिली होती. पेशी वाढवायला आम्ही वापरत होतो त्या पोषक द्रावात, मीडियममध्ये, म्हणजे आरपीएमआय १६४० मध्ये, फॉस्फेट भरपूर असतं. शिसं आणि फॉस्फेट भेटले की न विरघळणारा क्षार होऊन खाली बसतो. म्हणजे मी पेशींना शिसं दिलंच नव्हतं, त्यांच्या अंगणात नुसती पूड सांडली होती. बाटलीवर लिहिलेली मात्रा आणि पेशीच्या वाट्याला आलेली मात्रा यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे दीड वर्ष तेच पुन्हा पुन्हा शिकत राहिले, दर वेळी नव्या तऱ्हेने.

कॅडमियम, पारा आणि शिसं चेतापेशींना नेमकं कसं मारतात ते प्लेटमध्ये पाहायचं, असं माझं काम होतं. आता चेतापेशी म्हटलं खरं, पण खऱ्या चेतापेशी वाढवणं महाकठीण. त्या विभागत नाहीत, संपल्या की संपल्या. म्हणून ‘चेतापेशीसारख्या’ पेशी वापरतात. आमच्याकडे होत्या पीसी१२. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात होणाऱ्या एका गाठीतून १९७६ साली लॉइड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी त्या वेगळ्या काढल्या. त्या डोपामीन तयार करतात, त्यांच्या आवरणात कॅल्शियमच्या वाहिन्या असतात आणि त्या अमर्याद विभागत राहतात. मुख्य म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ, दिला की त्या विभागणं थांबवतात आणि अंगातून लांब धागे काढू लागतात. या धाग्यांना न्यूराइट म्हणतात.

पीसी१२ स्वभावाने चिकट, पण तळाला नाही, एकमेकींना. द्राक्षाच्या घडासारखे गोळे करून बसतात. प्लेटमध्ये घालण्याआधी ते गोळे बारीक सुईतून हळू ओढून-सोडून फोडावे लागतात. जोर जास्त झाला तर पेशी फाटतात, कमी झाला तर मोजणी चुकते. तळाला कोलॅजनचा लेप नसेल तर मीडियम बदलताना निम्म्या पेशी पाण्याबरोबर निघून जातात. पहिले दोन महिने माझे यातच गेले. एकदा बुरशी लागली, सगळे फ्लास्क फेकून द्यावे लागले. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

एनजीएफ दिल्यानंतरचा आठवडा मात्र विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेशी चपट्या होऊन तळाला धरून बसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखाद्या पेशीला कोंब फुटावा तसं टोक येतं. आठवड्याच्या शेवटी सगळीभर जाळं. रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतःच्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणांवर काम सुरू केलं. त्यातूनच पुढे एनजीएफचा शोध लागला आणि १९८६ साली त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना नोबेल मिळालं. मला ते आधीपासून पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि पहिला कोंब दिसल्यावर खुर्चीतून उठून दुसऱ्याला बोलावून आणणं वेगळं.

मग कॅडमियम. क्लोराइडची पांढरी पूड, मिठासारखी दिसणारी. वजन करायचं ते फ्यूम हूडमध्ये, दोन जोड हातमोजे घालून. हातमोज्यांवरून मॅडम फार कडक होत्या आणि त्याचं कारण त्या प्रत्येक नव्या मुलाला सांगत. कॅरन वेटरहान या रसायनशास्त्रज्ञ स्वतःच विषारी धातूंवर काम करायच्या. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. लॅटेक्सचे मोजे होते, पण ते द्रव्य लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं, हे तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. पुढचे काही महिने काहीच झालं नाही. जानेवारीच्या सुमाराला तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. आम्ही ते द्रव्य कधीच वापरणार नव्हतो. पण मधले ते गप्प महिने माझ्या डोक्यात राहिले. प्लेटमध्येही असंच होतं : धातू दिल्यावर कित्येक तास काही दिसत नाही, पेशी तशाच शांत बसलेल्या असतात.

पेशी किती जगल्या हे मोजायला एमटीटी ही जुनी, स्वस्त, सगळ्यांची पद्धत. पिवळा डाय (रंग) घालायचा. जिवंत पेशी तो पचवून त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. जितकं जांभळं तितकं जिवंत. ९६ घरांच्या प्लेटच्या कडेच्या घरांत नुसतं पाणी भरायचं, कारण ती लवकर सुकतात आणि तिथली रीडिंग खोटी येतात. मी मात्रा ठरवल्या : १, ५, १०, २५ आणि ५० मायक्रोमोलर. प्लेट जांभळीच राहिली. पन्नासच्या घरांतसुद्धा रंग थोडासाच फिका.

या वेळी भुकटी नव्हती. मी प्रकाशात धरून, तिरपी करून, सगळं करून पाहिलं. एकदा तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. कारण निघालं सिरम, मीडियममध्ये घालतात तो रक्तातला पातळ द्रव. पीसी१२ला पंधरा टक्के सिरम लागतं, आणि सिरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन धातूंना धरून ठेवतं. माझं बरंचसं कॅडमियम पेशींच्या वाटेवरच अडकलं होतं. उपाय सोपा वाटला : सिरम काढून टाका. काढलं. दुसऱ्या दिवशी कॅडमियमची घरं रिकामी, आणि कंट्रोलचीही! सिरम आणि एनजीएफ दोन्ही नसेल तर पीसी१२ आपली आपण मरतात, पोषणाचा निरोप थांबला की आत्मनाश सुरू होतो. मी पेशी उपासमारीने मारल्या होत्या आणि खुनाचा आळ कॅडमियमवर घालणार होते. शेवटी एनजीएफ ठेवून सिरम एक टक्क्यावर आणलं, तेव्हा कुठे उतरती रेषा मिळाली, तीही तीन वेगवेगळ्या आठवड्यांत साधारण एकसारखी. त्या रेषेची प्रिंट मी टेबलासमोर चिकटवली होती. आज बघितली तर फार ग्रेट नाही.

मरतात हे कळलं. आता कॅडमियम आत शिरतं कसं? पेशी काही धर्मशाळा नव्हे. आवरणातून आयन सहजासहजी जात नाहीत, प्रत्येकाचं दार वेगळं आणि दारावर पहारा. कॅडमियमसाठी दार असण्याचं कारणच नाही, शरीराला त्याचं काही काम नाही. पण कॅडमियमचा आयन आणि कॅल्शियमचा आयन, दोघांवर भार सारखा आणि आकार जवळजवळ सारखा. कॅल्शियमच्या वाहिनीला फरक पूर्णपणे ओळखता येत नाही. जस्त आणि लोह यांच्या वाहकांनाही तो फसवतो. शिसंही त्याच जातीचं, कॅल्शियमचा वेश घेऊन हिंडणारं. मेंदूतलं प्रोटीन काइनेज सी हे विकर (एन्झाइम) कॅल्शियमने चालतं, पण अतिशय सूक्ष्म, पिकोमोलर पातळीच्या शिशानेही ते सुरू होतं, हे १९८८ सालीच प्रसिद्ध झालं होतं.

मला वाटलं, कॅडमियम दिल्यावर पेशीतलं कॅल्शियम वाढत असणार आणि त्यानेच पेशी मरत असणार. ते पाहायला फ्युरा-२ हा डाय. रॉजर चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८५ च्या सुमारास बनवला (पुढे चेन यांना नोबेल मिळालं, पण ते चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनासाठी). पेशीत डाय भरायचा, ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकायचा, आणि दोन्हींच्या चमकेचं गुणोत्तर पाहायचं. कॅल्शियम वाढलं की गुणोत्तर चढतं. मी कॅडमियम घातलं. रेघ चढली. आणि चढतच गेली, सुंदर, एकसारखी. मी तो आलेख त्याच रात्री मॅडमना पाठवला.

सकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर : “टीपीईएन घालून बघितलंस का?”

टीपीईएन हे असं द्रव्य, जे जस्त, कॅडमियम यांसारख्या धातूंना घट्ट धरतं आणि कॅल्शियमला जवळजवळ हातही लावत नाही. मी पुन्हा प्रयोग केला, रेघ वर चढू दिली आणि टीपीईएन घातलं. रेघ धाडकन खाली. ते कॅल्शियम नव्हतंच. फ्युरा-२ कॅडमियमला कॅल्शियमपेक्षा कितीतरी हजारपटींनी घट्ट धरतो, आणि धरल्यावर चमकतो अगदी कॅल्शियम धरल्यासारखाच. पेशीचं दार फसलं होतं, आतला डाय फसला होता, आणि डायकडे बघून मीही. एकाच तोतयाने तिघांना गंडवलं.

दोन दिवस मी रुसून बसले होते, खरं सांगायचं तर. मग लक्षात आलं की हा आलेख फुकट गेलेला नाही. कॅल्शियमबद्दल तो काही सांगत नसला तरी कॅडमियम पेशीत शिरतंय हे तो डोळ्यांसमोर दाखवतोय! मग मी वाहिन्या उघडायला मीडियममध्ये पोटॅशियम वाढवलं. रेघ जास्त वेगाने चढली. निमोडिपीन हे वाहिनी बंद करणारं औषध आधी घातलं, रेघ मंदावली. आणि एमटीटीतही तसंच : पोटॅशियमबरोबर कॅडमियम दिलं तर जास्त पेशी मेल्या, निमोडिपीनबरोबर कमी. संपूर्ण प्रबंधातलं हे मला सगळ्यात आवडतं पान आहे आणि ते एका चुकीतून आलं.

आत शिरल्यावर काय होतं ते प्रत्यक्ष बघताना मात्र मजा वाटत नाही. पेशीतल्या प्रथिनांवर जागोजागी गंधकाची टोकं असतात, थायॉल. कॅडमियम आणि पारा या टोकांना चिकटतात. ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू अशीच टोकं पुढे करून आधी स्वतः धातूच्या तोंडी जातो, पण त्याचा साठा मर्यादित. मेटॅलोथायोनीन हे प्रथिन दुसरी फळी. धातू आला की पेशी ते घाईघाईने बनवू लागते. दोन्ही अपुरी पडली की तडाखा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाला. आम्ही जेसी-१ हा डाय वापरला : मायटोकाँड्रियाच्या आवरणावरचा विद्युतदाब शाबूत असेल तर लाल ठिपके, दाब गेला की हिरवा धुरकट रंग. कंट्रोलमध्ये लालच लाल. कॅडमियमच्या प्लेटमध्ये आठव्या तासाला एखादी हिरवी पेशी, मग शेजारची, मग एक आख्खा कोपरा. एमटीटीला त्या वेळी अजून फारसं काही कळलेलं नव्हतं.

दाब गेलेल्या मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर गळतं. एरवी ते श्वसनाच्या साखळीतलं साधं कामकरी प्रथिन, पण बाहेर आलं की मृत्यूची सूचना होतं. त्यातून कॅस्पेज-९ हे प्रथिनं कापणारं विकर जागं होतं, ते कॅस्पेज-३ला जागं करतं, आणि कॅस्पेज-३ पेशीला आतून कापायला बसतं. केंद्रक आक्रसतं, तुकडे होतात, आवरणाला फोड येतात. या नीटनेटक्या मरणाला १९७२ साली ॲपॉप्टोसिस हे नाव मिळालं. ग्रीक शब्द, पानं गळणं या अर्थाचा. मोठ्या मात्रेला एवढाही वेळ मिळत नाही. नीट मरायलासुद्धा ऊर्जा लागते, एटीपी लागतो. तोच संपला तर पेशी फुगून फुटते.

इथे आणखी एक गंमत झाली. कॅस्पेज-३ची हालचाल मात्रेबरोबर वाढत गेली, आणि सगळ्यात मोठ्या मात्रेला एकदम घसरली. पेशी तर सगळ्यात जास्त तिथेच मेल्या होत्या. एक कारण वर सांगितलेलंच, फुटून मरणं. दुसरं असं की कॅस्पेज हे स्वतः सिस्टीनवर, म्हणजे गंधकाच्या टोकावर चालणारं विकर आहे. भरपूर धातू असला तर तो त्याच टोकाला जाऊन बसतो. मारेकऱ्याचेच हात बांधलेले. यातलं कोणतं कारण किती, ते आम्ही वेगळं काढलं नाही, आणि प्रबंधात तसं सरळ लिहिलं.

मग आला वाचवण्याचा प्रयोग. एन-असिटिलसिस्टीन, एनएसी, ग्लुटाथायोन बनवायला कच्चा माल पुरवतं. कॅडमियमबरोबर एनएसी घातलं आणि प्लेट पुन्हा जांभळी! मी फार हुरळले नाही. एव्हाना मलाही संशयाची सवय लागली होती. एनएसीवर स्वतःचं गंधकाचं टोक असतं. म्हणजे ते पेशीच्या बाहेरच, मीडियममध्येच, धातूला धरत असेल तर? पेशीची ताकद वाढली नाही, नुसतं विष पातळ झालं. म्हणून पेशींना आधी काही तास एनएसीत ठेवलं, दोनदा धुतलं आणि मग कॅडमियम दिलं. संरक्षण मिळालं, पण पहिल्याच्या मानाने बरंच कमी. पहिला आलेख दिसायला फार छान होता. तो मी वापरला नाही.

शिशाकडेही परत गेले. फॉस्फेट नसलेल्या क्षारद्रावणात, थोड्या तासांसाठी. भुकटी पडली नाही, पण त्या द्रावणात पेशी जास्त वेळ टिकत नाहीत, आणि शिसं इतक्या घाईने मारणारा धातू नव्हे. शिशाचं प्रकरण माझ्या प्रबंधात सर्वांत बारीक आहे.

शेवटी पारा, मिथिल मर्क्युरीच्या रूपात. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत कारखान्याच्या सांडपाण्यातून गेला तो हाच. १ मे १९५६ हा त्या आजाराची अधिकृत नोंद झाल्याचा दिवस, पण त्याआधीच तिथली मांजरं झोकांड्या खात, वेडीवाकडी नाचत मरत होती. याचा वेश कॅल्शियमचा नाही. मिथिल मर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि ती जोडी दिसते मेथिओनीनसारखी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा अमिनो आम्लांचा वाहक तिला खाऊ समजून आत नेतो. सिस्टीनच्या नेहमीच्या डावखुऱ्या रूपाबरोबरच हे जमतं, त्याच्या आरशातल्या प्रतिमेबरोबर नाही; इतकी ती नक्कल बेतशीर आहे.

माझ्या थाळीत अर्थातच रक्तवाहिन्या नाहीत, आधार देणाऱ्या ग्लिया पेशी नाहीत, अनुमस्तिष्क (लहान मेंदू) नाही. मिनामाताच्या रुग्णांत अनुमस्तिष्कातल्या बारीक दाणेदार पेशी आणि दृष्टीचा भाग जास्त का मेला, हे पीसी१२ला विचारण्यात अर्थ नाही. त्यांना विचारता येतं ते एवढंच : मरण्याआधी तुमचं काय होतं?

त्यासाठी मी पेशी मारायच्याच नाहीत असं ठरवलं. एमटीटीत काहीही फरक दिसत नाही इतकी कमी मात्रा घेतली, एनजीएफबरोबर दिली आणि न्यूराइट मोजले. पेशीच्या अंगाच्या दुपटीपेक्षा लांब धागा असेल तरच मोजायचा, हा नियम. कुठल्या थाळीत काय आहे हे मला कळू नये म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मित्राने सगळ्या नावांवर टेप लावून नुसते आकडे घातले. तीन दिवस मी मोजत होते. डोळे मिटले तरी धागे दिसायचे. मिथिल मर्क्युरी ट्यूब्युलिनच्या गंधकाच्या टोकांना धरतं, आणि ट्यूब्युलिन म्हणजे धाग्यातल्या सूक्ष्मनलिकांची वीट; विटाच बिघडल्या तर धागा उभा कसा राहणार, हे कागदावर माहीत होतं. पण समोरच्या पेशी मेलेल्या नव्हत्या. गोल, चकचकीत, निरोगी दिसत होत्या. काही थाळ्यांत त्यांना आखूड, खुंटलेली टोकं होती, एवढंच. मोजताना मला वाटलं होतं की या थाळ्यांना एनजीएफच कमी पडलं असावं, माझ्याच हातून.

टेप काढली तेव्हा त्या खुंटलेल्या थाळ्या सगळ्या पाऱ्याच्या निघाल्या. मॅडमनी एमटीटीची रीडिंग शेजारी ठेवून पाहिली. कंट्रोल आणि पारा, दोन्ही रकान्यांत जवळजवळ तोच आकडा. त्यांनी पेन्सिलने त्या आकड्याभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, “हे आधी लिही. मरण मागाहून.” मी थाळ्या पाऱ्याच्या वेगळ्या बाटलीत रिकाम्या केल्या, बाटलीवर तारीख घातली आणि मोजे उतरवले.